जड वाहतुकीचा ढोल

छावणी, ६ जानेवारी

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी आजारी नाही, लढाईबिढाई लागलेली नाही आणि मला कुणी कोंडूनही ठेवलेलं नाही. फक्त फोन काढून घेतलाय. का ते सांगतो, पण भावजींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. ते हसतील.

गेल्या सोमवारी अख्ख्या छावणीची वजनं झाली. रांगेत माझ्या पुढं आमच्या बँडमधला झांजवाला होता. तो काट्यावर चढला तर काटा जेमतेम हलला. डॉक्टरांनी काटा बिघडलाय का म्हणून वाकून बघितलं. मग मी चढलो. डॉक्टर पुन्हा वाकले, सरळ झाले आणि माझ्या मागं आणखी कुणी उभं आहे का ते बघायला लागले. मागं कुणी नव्हतं.

मग आम्हा काही जणांना बाजूला काढलं. कागदावर आमचं नाव 'विशेष शारीरिक क्षमता तुकडी' असं आहे. छावणीत सगळे 'जड वाहतूक' म्हणतात. तुकडीत मुख्य आचारी आहे, गोदामवाला आहे, दोन ड्रायव्हर आहेत, आणि शिंपी आहे, जो इतकी वर्षं आमच्या सगळ्यांच्या विजारी गुपचूप सैल करून देत होता. रोज पहाटे मैदानाला फेऱ्या, दुपारी उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी पुन्हा फेऱ्या. कवायत घेणारे मास्तर इतके वाळलेले आहेत की त्यांचं नाव खारीक पडलंय. पहिल्याच रात्री एका ड्रायव्हरनं फोन करून बाहेरून जेवण मागवलं. जेवण आणणारा माणूस सरळ मोठ्या फाटकावर गेला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "जड वाहतूक कोण आहे? त्यांचं पार्सल आलंय." दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन जमा.

आता मुद्द्याचं. मार्चअखेरीला वार्षिक संचलन आहे. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वजन. माझं वजन ठरलेल्या खुणेच्या खाली आलं नाही, तर मोठा ढोल झांजवाल्याच्या गळ्यात आणि मी गोदामात चादरींच्या घड्या घालायला. ताई, मला दुसरं काही येत नाही गं. अख्खी पलटण माझ्या ठोक्यावर डावा पाय टाकते. झांजवाला तर आत्ताच ढोलाच्या पट्ट्याचं माप घेऊन गेला. मेल्यानं माझ्यासमोर घेतलं.

म्हणून हात जोडून सांगतो, बिस्किटांचा डबा पाठवू नकोस.

तुझा
ढब्बू


बेकरी, ११ जानेवारी

ढब्बू,

डबा आजच्या टपालानं पाठवलाय.

तू लिहितोस पाठवू नकोस, म्हणजे तुझ्या तोंडाला किती पाणी सुटलंय ते मला कळत नाही होय? लोण्याची बिस्किटं आहेत, वरच्या थरात मनुका घातलेली. उकडलेल्या भाज्या खाऊन कुणी ढोल वाजवतं का? तुझे डॉक्टर आणि तो कोण खारीक, त्यांच्या घरी खायला घालणारं कुणी नाही वाटतं.

आणि जाड कुठं आहेस तू? तुझा बांधाच तसा. हे भावजी तुझ्यापेक्षा दीडपट आहेत, त्यांना कुणी मैदानाला फेऱ्या मारायला लावत नाही. पत्र वाचून हसले मात्र खूप. मी मोठ्यानं वाचलं नव्हतं, त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

त्या झांजवाल्याला म्हणावं, पट्ट्याचं माप घेऊन कुणी ढोलवाला होत नाही. मागं पोटसुद्धा लागतं.

ताई


छावणी, २३ जानेवारी

ताई,

डबा आला आणि गेला. मी नुसता वास घेतला. खारीक मास्तरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि 'आक्षेपार्ह वस्तू' म्हणून कमांडर साहेबांच्या ऑफिसात जमा केला. मी मागं उभा होतो. साहेबांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि मास्तरांना म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही जा. दार लावून घ्या."

आता इकडची गंमत ऐक. जड वाहतूक दहा दिवस मुळीच चालली नाही. मास्तर ओरडायचे, आम्ही चार पावलं पळायचो आणि बसायचो. गोदामवाला तर बसला की उठायचाच नाही. "साहेब, मला शिक्षा करा, पण बसून करा," म्हणायचा. मास्तरांचा घसा बसला, शिट्टी फुटली, त्यांचं स्वतःचंच वजन आणखी उतरलं.

शेवटी बँडमास्तर म्हणाले, "ओरडून काय होतंय? ढोल आणा." मला ढोल गळ्यात घालून तुकडीच्या पुढं उभं केलं. मी एक ठोका दिला आणि ताई, बसलेला गोदामवाला ताडकन उठला! इतकी वर्षं त्या ठोक्यावर डावा पाय टाकलाय ना, डोकं नाही म्हणालं तरी पाय ऐकत नाही. आचारी ओरडत होता, "अरे थांबव, थांबव, मला चालायचं नाहीये!" आणि चालत होता. एक ड्रायव्हर रडत होता आणि चालत होता. मी थांबल्याशिवाय कुणाला थांबता येत नाही, आणि मास्तर मला थांबू देत नाहीत.

आता हेच रोजचं. मी पुढं, ढोल गळ्यात, मागं सगळी वरात. दर आठवड्याला मास्तर म्हणतात, "ठोका थोडा जलद." माझ्या नाकी नऊ आलेत, कारण बाकीचे नुसते स्वतःला वाहतात, मी स्वतःला आणि ढोलालाही वाहतो. तुकडीत माझ्याशी कुणी बोलत नाही. आचाऱ्यानं माझ्या उकडलेल्या भाजीतलं मीठ बंद केलंय.

डबा पाठवू नकोस. या वेळी खरंच.

ढब्बू


बेकरी, ३० जानेवारी

ढब्बू,

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढोल गळ्यात घालून दिवसभर पळवतात? वर अळणी खायला देतात? याला व्यायाम म्हणतात का छळ?

तुझ्यानं काही बोलवणार नाही, तू लहानपणापासून असाच. म्हणून मीच तुझ्या कमांडर साहेबांना पत्र टाकलंय. चांगलं खणखणीत लिहिलंय. माझा भाऊ जन्मला तेव्हाच सुईण म्हणाली होती की दोन हातांनी उचलावा लागतोय, हा घराण्याचा बांधा आहे, यात त्याचा दोष नाही. तो झोपेत घाबरतो तेही लिहिलं. आणि नुसतं कोरडं पत्र कसं पाठवायचं म्हणून सोबत मोठा डबा पाठवला. साहेबांच्या नावानं पाठवलाय, तेव्हा त्याला कुणी जप्त करणार नाही.

काळजी करू नकोस. माझ्या हातचं खाल्लं की माणूस ऐकतो.

ताई


कमांडर कार्यालय, ७ फेब्रुवारी

विषय: लोण्याच्या बिस्किटांच्या डब्याबाबत.

महोदया,

आपले पत्र व सोबतचा डबा मिळाला. आपल्या भावाच्या जन्मसमयीच्या वजनाची या कार्यालयाने नोंद घेतली आहे. तथापि त्यास व्यायामातून सूट देता येणार नाही.

डब्यातील वस्तूंची तपासणी मी जातीने केली. त्या जवानांच्या हाती पडू न देणे अत्यंत आवश्यक असल्याचे पहिल्या थरातच स्पष्ट झाले. खालच्या थरात मनुका नसल्याचे आढळले. हे जाणूनबुजून आहे किंवा कसे, याचा निष्कर्ष काढण्यास एक डबा अपुरा पडतो. सबब आणखी दोन डबे तपासणीकामी याच पत्त्यावर, 'खासगी' असे लिहून, पाठवावेत.

आपला भाऊ झोपेत घाबरतो याबद्दल सहानुभूती आहे.

कमांडर


छावणी, २४ फेब्रुवारी

ताई,

काय लिहिलंस गं तू साहेबांना? परवा सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "काय रे, आता शांत झोप लागते का?" जड वाहतूक दोन दिवस हसतेय. आचारी आता रात्री माझ्या खाटेशी येऊन "घाबरू नको हं बाळा," म्हणतो.

आणि डबे थांबव. मला काही कळत नाही असं समजू नकोस. टपाल आलं की साहेब स्वतः फाटकापर्यंत येतात. त्यांच्या टेबलाखाली चुरा पडलेला असतो. शिंप्याला परवा गुपचूप बोलावलं होतं, समारंभाचा कोट सैल करायला. शिंपी म्हणाला, शिवणीत आता कापडच शिल्लक नाही. मग त्यानं बटणं अगदी कडेला सरकवून दिली आणि देवाचं नाव घेतलं.

माझं म्हणशील तर विजार घसरते. बाकीच्यांचीही घसरते. चालताना सगळ्यांचा एक हात कमरेला असतो. पण आता कुणी रडत नाही. गोदामवाला परवा ठोका सुरू व्हायच्या आधीच उठून उभा राहिला, म्हणाला, "चल, पाय वळवळायला लागलेत." आमचा ठोका आता इतका जलद झालाय की मला हळू चालताच येत नाही. जेवणाच्या रांगेत मी पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो.

संचलनाचा सराव मात्र झांजवाला करतोय. माझ्या वजनाचा निकाल लागेपर्यंत तिकडचा ढोल त्याच्याकडे. मी लांबून ऐकतो. बरा वाजवतो, तेच वाईट आहे. वजन अजून खुणेच्या वर आहे आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

आणि अशात आज पुन्हा माझ्या नावानं तुझा डबा आला. मास्तरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. स्पष्ट लिहितो, राग मानायचा तर मान. मला तुझी बिस्किटं नकोत. आत्ता नकोत आणि नंतरही नकोत.

ढब्बू


बेकरी, ३ मार्च

ढब्बू,

बरं.

आई गेली तेव्हा तू जेवण सोडलं होतंस. कुणाचंच ऐकत नव्हतास. शेजारच्या भट्टीवर जाऊन मी पहिल्यांदा बिस्किटं भाजायला शिकले ती तुझ्यासाठी. पहिला घाणा करपला होता. तू त्यातली तीन खाल्लीस, चौथं मागितलंस, आणि मी मागच्या अंगणात जाऊन रडले. त्यानंतर तू जाड झालास की मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, माझ्याकडून तेवढं तरी नीट होतंय.

आता नको तर नको. तुला पाठवणार नाही.

साहेबांचे डबे तेवढे चालू ठेवते. दर वेळी आणखी दोन मागणारं सरकारी पत्र येतं, नाही कसं म्हणायचं?

ताई


छावणी, २९ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. तुमच्याकडं निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतोय, रात्रीपर्यंत मिळेल. आज वजन झालं.

जमलं! मी काट्यावर चढलो, डॉक्टर वाकले ते बराच वेळ उठेचनात. मग हसले. खुणेच्या खाली! अगदी केसभर खाली, पण खाली. बँडमास्तरांनी तिथल्या तिथं झांजवाल्याच्या गळ्यातला ढोल काढून माझ्या गळ्यात घातला. सराव नसला तरी चालेल म्हणाले, इतकी वर्षं वाजवतोयस. मी त्या ढोलाला मिठी मारली. पूर्वी माझे हात पुरायचे नाहीत, आज पुरले.

मागच्या पत्रात फार तोडून बोललो. तुझं पत्र मी तेव्हापासून खिशात ठेवलंय आणि रोज उत्तर लिहायचं ठरवतोय. ती करपलेली बिस्किटं मला आठवतात. मला ती आवडली होती, तुझ्यासाठी खाल्ली नव्हती.

उद्या संचलन. टीव्हीवर दाखवणार आहेत. बघ.

ढब्बू


छावणी, ३१ मार्च

ताई,

बघितलं असशीलच. माझी काय चूक झाली ते मला अजून नीट कळत नाहीये, पण ढोल पुन्हा काढून घेतलाय आणि चौकशी लागलीय.

मी रोजच्यासारखा वाजवला गं. हेच चुकलं. जड वाहतुकीचा ठोका हातात मुरला होता, आणि सगळी पलटण त्या ठोक्यावर निघाली. पुढं बँड, आमच्या मागं कमांडर साहेब, त्यांच्यामागं सगळ्या तुकड्या. मला तर वाटत होतं की काय झकास चाललंय. ट्रम्पेटवाला वाजवता वाजवता म्हणाला, "अरे, फुंकू कधी आणि श्वास घेऊ कधी?" मी म्हटलं, थट्टा करतोय.

तेवढ्यात माझ्या मानेवर काहीतरी फटकन बसलं. मागं साहेबच होते. मला वाटलं, साहेब टोचताहेत, म्हणजे चाल कमी पडतेय. म्हणून मी ठोका आणखी जलद केला. मग दुसरा फटका बसला. मी आणखी जलद केला. नंतर कळलं, ती साहेबांच्या कोटाची बटणं होती. आणि मागून "थांब, थांब" असा बारीक आवाज येत होता, तो ढोलाच्या आवाजात मला ऐकूच आला नाही.

मंचावर मुख्यालयातले मोठे साहेब मानवंदना घ्यायला उभे होते. निवेदक कागद बघून म्हणाला, "आता आपल्यासमोर येत आहे..." आणि मान वर केली तर आम्ही गेलो होतो. मोठ्या साहेबांचा हात टोपीपर्यंत पोचला तेव्हा मंचासमोर फक्त धूळ होती. मैदानाच्या टोकाला कमांडर साहेब माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. कोट उघडा, चेहरा लाल. धापा टाकत एवढंच म्हणाले, "मनुका."

त्यांना काय म्हणायचं होतं, देव जाणे. मी मात्र संपलो, ताई. एवढं वजन उतरवलं ते चादरींच्या घड्या घालायला. गोदामवाल्यानं मला घडी कशी घालायची ते दाखवलंसुद्धा. मला रडू येतंय आणि फेऱ्या मारायलाही कुणी बोलवत नाही.

ढब्बू


कमांडर कार्यालय, ५ एप्रिल

विषय: डबे तत्काळ थांबवण्याबाबत.

महोदया,

यापुढे या कार्यालयास, माझ्या निवासस्थानी किंवा 'खासगी' असे लिहून कोठेही डबा पाठवू नये. हे लिहिताना मला काय वाटते आहे, ते शासकीय भाषेत मांडता येत नाही.

संचलनाच्या चौकशीत असे दिसून आले की त्या चालीत सर्व तुकड्यांच्या रांगा मोडल्या, अनेक सडपातळ जवान वाटेत बसले, आणि केवळ एकच तुकडी सरळ रांगेत, धापा न टाकता, मंचाकडे मान वळवून व एक हात कमरेस धरून गेली. मुख्यालयातील वरिष्ठांनी ती तुकडी कोणती, असे विचारले. तिला छावणीत जे म्हणतात तेच सांगावे लागले.

वरिष्ठांच्या आदेशाने माझ्यासह सर्व अधिकाऱ्यांची वजने करण्यात आली. निष्कर्ष येथे देणे उचित होणार नाही. कालपासून माझी जागा उक्त तुकडीत आचाऱ्याच्या शेजारी आहे. काल ढोल झांजवाल्याकडे होता. त्याच्या ठोक्यावर आम्ही कोणीही जागचे हललो नाही. मी स्वतः प्रयत्न केला, पाय उचलला नाही. सबब ढोल कायमस्वरूपी आपल्या भावाकडे सोपवण्यात आला आहे. संचलनात हळू आणि तुकडीत जलद, असे दोन्ही ठोके त्याने लक्षात ठेवावेत, एवढी ताकीद दिली आहे.

आज सकाळी मी थांबण्याचा हुकूम सोडला होता. त्याने ऐकला नाही.

कमांडर


बेकरी, ९ एप्रिल

ढब्बू,

साहेबांचं पत्र आलं, सगळं कळलं. भावजींनी खांद्यावरून वाचलं आणि या वेळी हसता हसता खुर्चीवरून खाली घसरले. चुका तुझ्या तू केल्यास, पण ती बटणं माझीच बरं का. खालच्या थरात मनुका घालायला मी दर वेळी विसरत होते, म्हणून साहेब तळापर्यंत शोधत गेले असणार.

टीव्ही दुकानात लावला होता. तू येणार म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, गिऱ्हाइकं दारापर्यंत उभी. तू दिसलास आणि मी तुला ओळखलंच नाही. शेजारीण म्हणाली, "तुमचा भाऊ कुठला?" मी ढोल बघितला, मग ढोलामागं बघितलं. इतका वाळलास की मी गल्ला सोडून टीव्हीपाशी गेले. मी मनात म्हणत होते, बघ, उपाशी ठेवलं माझ्या लेकराला.

मग तू ठोका धरलास. अरे, कसला हात चालत होता तुझा! मला लाज वाटली, इतक्या वर्षांत मी तुला नीट वाजवताना बघितलंच नव्हतं. तू सुट्टीत घरी यायचास, मी ताट पुढं करायची, तू जेवायचास, आणि गाडीची वेळ व्हायची. ढोल कसा वाजवतोस म्हणून मी एकदाही विचारलं नाही.

कॅमेरा वळला तर मागं ही भलीमोठी पलटण, बंदुका खांद्यावर, साहेबांसकट सगळे धावत. दुकानात एकच गलका. पाववाला ओरडला, "अहो, हे सैन्य पळतंय कुठं?"

मी म्हटलं, "पळत नाहीये. माझा भाऊ पुढं आहे, त्याच्यामागं चाललंय."

ताई